बिग इश्यू विकणाऱ्याला नुसते पैसे द्यावेत की अंक घ्यावा?

रत्नागिरीची_आई
लेकाकडे लंडनला दोन महिने राहून परवा आले. तिकडे स्टेशनबाहेर लाल जॅकेटवाला एक माणूस द बिग इश्यू नावाचं साप्ताहिक विकत उभा असायचा, त्याला घर नाही असं लेक म्हणाला. मला इंग्रजी वाचायला जमत नाही म्हणून 2 पौंड हातावर ठेवले नि निघाले, तर तो मागून आला, प्लास्टिकच्या पिशवीतला कोरडा अंक काढून पुढे धरला, मी परत नको म्हटलं आणि त्याचं तोंड जे उतरलं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. माझं काय चुकलं? दिवाळीनंतर परत जायचंय.

पेपरलाइन_चिपळूण
काकू, मन चांगलंच होतं तुमचं. पण तो अंक त्याला फुकट मिळत नाही, 2 पौंडाला स्वतः विकत घेतो आणि 4 ला विकतो. माझ्या एजन्सीत उरलेले पेपर रिटर्न जातात, त्याचं तसं नाही, उरला की पैसे बुडाले! म्हणून किती अंक उचलायचे हा हिशोब रोज त्याचा त्यालाच करावा लागतो, हा धंदाच झाला ना. पावसात टाकळ्याचा वाटा लावून बसलेल्या मावशीला पैसे देऊन भाजी तिथंच ठेवून गेलात तर तिला कसं वाटेल? अंक घ्याच.

बोटीवरचा_गुहागरकर
+1. 1991 मध्ये हे लंडनला ज्यांनी काढलं त्यातले जॉन बर्ड स्वतः रस्त्यावर झोपलेले आहेत, न्यूयॉर्कला बेघर माणसं विकायची त्या स्ट्रीट न्यूज पेपरवरून कल्पना घेतली. जपानमध्ये 2003 पासून आहे, तिथे नवीन माणसाला पहिले 10 अंक फुकट देतात, ते विकून आलेल्या पैशातून पुढचे घ्यायचे. मला हे फार आवडतं, भांडवल नाही म्हणून कोणी अडत नाही.

रत्नागिरीची_आई
आता कळलं. आपल्या एसटी स्टँडवर रात्री झोपणाऱ्यांना असं काही देता येईल का हो?

पेपरलाइन_चिपळूण
दिवाळी अंकांपासून करता येईल. घरी येणारे चाकरमानी गाडीतून उतरले की अंक घेतातच. पहिला गठ्ठा मी माझ्या पैशाने देतो, विकणारी दोन माणसं तुम्ही बघा.

रत्नागिरीची_आई
बघते, उद्याच स्टँडवर जाते. आणि तिकडे गेले की 4 पौंड सुटे ठेवीन, लेक वाचेल अंक.

बोटीवरचा_गुहागरकर
सुटे नसले तरी चालेल काकू, बरेच जण कार्डपण घेतात.