वाटेल तेव्हाच शाळा?

गोदाकाठ:
"मुलीला वाटेल त्या दिवशीच शाळेत पाठवतो, बाकी दिवस भटकंती. हजेरीचा एवढा बाऊ कशाला?" ही एका वडिलांची पोस्ट सध्या फिरतेय आणि लोक वाहवा करताहेत. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. दिवाळी झाली की आमचे वर्ग ओस पडतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईबाप साखर कारखान्यावर निघतात, तिसरीतलं पोरही सोबत जातं. उसाच्या फडाशेजारच्या झोपडीवजा कोपीत धाकट्याला सांभाळायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग भागाकारावर गेलेला असतो आणि याला हातच्याची वजाबाकीही जमत नाही. पुढच्या वर्षी तेच. सातवीत ते मागच्या बाकावर गप्प बसतं, आठवीनंतर हातात कोयता येतो.

सह्यवाट:
ती पोस्ट माझी आहे. बाई, ऊसतोडीची गरिबी माझ्या माथी का मारताय? रायगडावर एका दिवसात मुलीने जेवढे प्रश्न विचारले, तेवढे वर्गात वर्षभरात विचारले नसतील. वर्गात निव्वळ फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. आणि शिक्षक तरी वर्गात असतात का? मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं. आधी त्यांची हजेरी तपासा.

गोदाकाठ:
ही कामं आम्ही हौसेने करतो का? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्यासाठी भांडा की मग!

मांजराकाठचा:
हजेरीचं निघालंच आहे तर अकरावी-बारावीचं बोला. माझ्या भाच्याचा प्रवेश एका खेड्यातल्या कॉलेजात, राहायला लातूरला, क्लासजवळ. कॉलेजचं तोंड पाहिलं ते प्रात्यक्षिक परीक्षेला. 75 टक्के हजेरी कागदावर पूर्ण! 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली, पटावरची पोरं प्रत्यक्ष मोजली, तेव्हा कागदावरची पोरं उघडी पडली. तशी कॉलेजांची का होत नाही?

सह्यवाट:
बघा! म्हणजे हजेरी हा सगळा कागदी खेळच आहे.

मांजराकाठचा:
माझ्या तोंडी तुमचं मत घालू नका. खोटी हजेरी लावतात म्हणून खरी हजेरी फुकट ठरते का? भाचा डॉक्टर होईलही, पण चार प्रयोग स्वतःच्या हाताने केलेले नाहीत त्याने. बहिणीला बोललो तर तीच माझ्यावर चिडते.

अंगणवेल:
मी चौथीत असताना शाळेत तांदूळ सुरू झाला, 1995 ची गोष्ट. महिन्यात 80 टक्के हजेरी असेल तर 3 किलो. आमच्या आईला अभ्यासातलं काही कळत नव्हतं, पण तांदूळ बुडू नये म्हणून शेतात कितीही काम असो, मला घरी ठेवलं नाही. तांदूळ नसता तर खुरपायलाच गेले असते. दहावी झाले, आज सोसायटीत हिशेब लिहिते. सह्यवाट, तुमच्या मुलीला असं कोणी खुरपायला बसवणार नाही, म्हणून तुम्हाला हजेरी कटकट वाटते.

सह्यवाट:
बरं. ज्यांच्या घरी शिकवणारं कोणी नाही त्यांनी रोज जावं, मान्य. झालं समाधान? मला मात्र बेजबाबदार बाप ठरवू नका.

गोदाकाठ:
तुम्हाला तसं कोणी म्हटलेलं नाही. तुमची मुलगी चुकलेला भागाकार घरी तुमच्याकडून शिकेल. पण तुमच्याच पोस्टखाली एकाने लिहिलंय, "खरंय, पोरगी घरी राहिली तर काय बिघडतं?" असं म्हणणारे बाप मला दर हंगामात भेटतात. त्यांना मी एकच विनवते, पोर मागे ठेवा. हंगामी वसतिगृह, म्हणजे मागे राहिलेल्या पोरांच्या जेवणाची गावातली सोय, वेळेत सुरू झालं तर ती आजीजवळ गावातच राहते, दोन वेळ जेवते, शाळा बुडत नाही. मंजुरी उशिरा आली की तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. तुमचं एवढे लोक वाचतात, तर यावर एक पोस्ट लिहा. दिवाळीच्या आधी.

मांजराकाठचा:
आणि कॉलेजांची पडताळणी? तिच्यावर कोण लिहिणार?