आयटीआयच्या मुलांना शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व शिकवायचंय, ट्रेडला धरून कसं शिकवावं?

निदेशक_पलूस

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिशियन, फिटर आणि फ्रिज-एसी या तीन ट्रेडच्या मुलांसाठी एम्प्लॉयबिलिटी स्किल्समधून आठ तास मिळालेत. विषय वर दिलाच आहे. मुलं सांगली जिल्ह्यातली, पलूस, तासगाव, वाळवा, कवठेमहांकाळकडची. पास झाली की कुणी किर्लोस्करवाडीला, कुणी कुपवाड-मिरज एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागेल, कुणी गावातच दुकान टाकेल.

संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास ध्येयांचा रंगीत तक्ता भिंतीला लावून नावं पाठ करून घेणं नकोय. हाताने काम करता करता समजेल असं काय घेता येईल? वर्कशॉपमध्ये क्लॅम्प मीटर (तार न कापता करंट मोजणारं), मॅनिफोल्ड गेज (एसीतल्या गॅसचा दाब दाखवणारं), रिकव्हरी मशीन (एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं) आणि हवा दाबून साठवणारा साडेसात एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आहे. 'जागतिक नागरिक' हा भाग आणायचा कसा, हा मोठा प्रश्न. प्लास्टिक वापरू नका, झाडं लावा, याच्या पुढे गाडी सरकत नाही.

---

सक्शन_लाइन

सर, फ्रिज-एसीपासूनच सुरुवात करा. आंतरराष्ट्रीय करार मेकॅनिकच्या हातात रोज येतो असा हा ट्रेड आहे. एसीत थंडाव्यासाठी भरला जाणारा आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला मारक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात तो १९९२ च्या दुरुस्तीने आला. जगातल्या सगळ्या देशांनी हा करार मान्य केलाय. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए, आर-३२ हे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात, म्हणून त्याच कराराची २०१६ ची किगाली दुरुस्ती. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपल्याकडे या वायूंची कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. आज १९ वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा चाळिशीत असेल, म्हणजे त्याची सगळी नोकरी या बदलातच जाणार. हे फळ्यावर मांडा, पोरं कान टवकारतात.

मग हिशेब. एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांत हवा किती पट तापते, ते आकडे साधारण असे: आर-४१०ए २,०८८, आर-२२ १,८१०, आर-३२ ६७५, आर-२९० (प्रोपेन) तीनच्या आसपास. दीड टनाच्या जुन्या स्प्लिट एसीमधला एक किलो आर-२२ हवेत सोडला की १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. आपल्या ग्रिडची वीज युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरली, तर हे अडीच हजार युनिटच्या बरोबरीचं. 'थोडा गॅस सोडून दिला' म्हणजे काय, ते मुलाला स्वतःच्या आकडेमोडीतून कळू द्या.

प्रात्यक्षिक रिकव्हरीचं घ्या. रिकाम्या सिलिंडरचं वजन करून लिहा, सिलिंडर व्हॅक्यूम करा, मशीनच्या इनलेटला फिल्टर-ड्रायर (कचरा आणि ओल अडवणारा) लावा, होजमधली हवा काढा, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस ओढा. भरायचा तो ८० टक्क्यांपर्यंतच. द्रवाला उन्हात फुगायला जागा नसेल तर सिलिंडर फुटतो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. नेहमीची चूक म्हणजे एकाच सिलिंडरमध्ये आज आर-२२, उद्या आर-४१०ए. असं मिश्रण पुन्हा शुद्ध करून वापरता येत नाही, सगळी मेहनत वाया. प्रत्येक गॅसला वेगळं सिलिंडर, वर ठळक नाव. आर-३२ आणि आर-२९० पेट घेतात, त्यांना त्याच गॅससाठी बनवलेलं मशीन आणि मोकळी हवा लागते.

पुन्हा गॅस भरण्याआधी कोरड्या नायट्रोजनने लीक टेस्ट करायचीच. ऑक्सिजन कधीही नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. मग ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप, आकडा जितका कमी तितकं आत रिकामं) व्हॅक्यूम, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा भरभर वर जाऊन थांबतच नसेल तर गळती, थोडा चढून स्थिरावला तर आत ओल आहे. गळती न शोधता दरवर्षी 'गॅस टॉप-अप' करणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि वायू सगळ्यांच्या डोक्यावर जातो.

---

एअरलाइन_कुपवाड

फिटरच्या मुलांना कॉम्प्रेसरची गळती मोजायला लावा. साहित्य म्हणजे घड्याळ आणि साबणाचं पाणी.

जेवणाच्या सुट्टीत, हवेवर चालणारं एकही हत्यार सुरू नसताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह उघडाच हवा. तो बंद केलात तर फक्त टाकीची गळती मोजली जाते, ही चूक हमखास होते. कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, हे निदान पाच फेऱ्यांत टिपून सरासरी काढा. चालू वेळेला एकूण वेळेने भागून शंभरने गुणलं की गळतीची टक्केवारी.

उदाहरण: दीड मिनिट चालू, साडेचार मिनिटं बंद. दीड भागिले सहा, म्हणजे २५ टक्के. ५.५ किलोवॅटची मोटर नुसती गळती भरायला पाव वेळ चालते. आठ तासांत ११ युनिट, ३०० दिवसांत ३,३०० युनिट, वर सांगितलेल्या हिशेबाने सव्वादोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आता गळती शोधा. क्विक कपलर, होजची क्लिप, फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीचा ड्रेन आणि टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळलेले आटे, बहुतेक तिथेच बुडबुडे दिसतात. हात लावून गळती चाचपू देऊ नका, दाबाची हवा कातडीखाली शिरली तर प्रकरण थेट दवाखान्यात जातं. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी.

याला जगाची बाजू हवी असेल तर तीही आहे. युरोपात जाणाऱ्या पोलादी मालावर, त्यात स्क्रू-नट-बोल्टही आले, तो बनवताना किती कार्बन बाहेर पडला याचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागितला जातोय. जानेवारी २०२६ पासून तिथे पोचणाऱ्या मालासाठी त्या कार्बनचे पैसेही मोजावे लागतात, असा तिथला नियम आहे. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यालाही मोठा गिऱ्हाईक हे आकडे विचारू लागतो. मीटर वाचून नीट नोंद ठेवणारा फिटर तिथे उजवा ठरतो.

---

कृष्णाकाठची_बाई

वरचं सगळं पटतं, पण नुसत्या युनिटच्या हिशेबाने नागरिकत्व येत नाही, सर. त्याला माणसं लागतात, आणि ती आपल्या कृष्णा नदीवर बसलेली आहेत.

इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शेतपंप घ्या, बहुतेकांच्या घरी असतोच. मोटर पाच एचपी, व्होल्टेज ४१५, क्लॅम्प मीटरवर ७.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा) ०.८ धरला तर १.७३२ गुणिले हे तिन्ही आकडे, म्हणजे ४.३ किलोवॅट. आता २०० लिटरचं बॅरल भरायला किती सेकंद लागतात बघा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर. पाणी एकूण ४० मीटर उचललं जात असेल तर कामी आलेली शक्ती ५ × ९.८१ × ४०, म्हणजे जेमतेम २ किलोवॅट. निम्म्याहून जास्त वीज वाटेतच गेली. का गेली ते शोधणं हा पुढचा तास: झिजलेला इंपेलर (पंपातला पाणी फेकणारा पंखा), बारीक पाइप, नको तिथे एल्बो (पाइपचा वाक), कमी व्होल्टेज.

आणि मग विचारा, उचललेलं पाणी गेलं कुठे? लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटोस्टार्टर लावलाय, रात्री दोनला लाइट आली, शेतात कुणी नाही, उसात पाणी वाहतंय. वाळवा-पलूस-मिरजेच्या नदीकाठी जमिनी क्षारपड झाल्या त्या अशाच: पाट भरून पाणी, निचरा नाही, पाण्याची पातळी वर येते आणि मागे पांढरं मीठ राहतं. त्याच जिल्ह्यात दुष्काळी जतचा माणूस म्हैसाळ उपसा योजनेच्या (कृष्णेचं पाणी उचलून नेणाऱ्या) पाण्याची वाट बघतो. मोटरला टायमर आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारी) बसवून, जोडणीचं चित्र काढून देणं हे इलेक्ट्रिशियनचं काम. शाश्वत विकास तिथून शिकवा.

शेवटचा एक तास नदीवर चर्चा ठेवा. महाबळेश्वरला निघालेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पाच गट करा: वाळव्याचा ऊसवाला, जतचा डाळिंबवाला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ राहणारं कुटुंब, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेला विजयपूरचा शेतकरी, आंध्रात मुखाजवळचा भातवाला. प्रश्न एकच, अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करावी का? २००५, २०१९, २०२१ चे पूर मुलांच्या डोळ्यांसमोर किंवा घरच्यांच्या बोलण्यात आहेत, त्यामुळे आवाज चढतील. धरणाच्या फुगीचा (मागे तुंबणाऱ्या पाण्याचा) पुराशी संबंध किती, यावर तज्ज्ञांतही दुमत आहे, ते लपवू नका. नियम एक ठेवा: आपली बाजू मांडण्याआधी समोरच्या गटाचं म्हणणं त्यांना मान्य होईल असं बोलून दाखवायचं. सीमेपलीकडच्या शेतकऱ्याची बाजू पलूसच्या मुलाने नीट मांडली, तर पुढे परदेशातल्या माणसाचा विचार करणं त्याला जड जाणार नाही.

---

निदेशक_पलूस

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, नदीचा तास नक्की घेतो. दोन शंका उरतात. मूल्यमापन कसं करू? आणि अप्रेंटिस मुलाला सुपरवायझरच म्हणाला, 'सोड गॅस, वेळ नाही', तर त्याने काय करायचं?

---

सक्शन_लाइन

आधी दुसरी शंका. नव्या मुलाने वाद घालू नये, कामाची किंमत सांगावी. 'सर, मशीन लावून देतो, मी बाकीचं उघडतो तोवर गॅस निघेल.' बऱ्याचदा मशीन गाडीतच नसतं, खरी अडचण ती असते. म्हणून सकाळी निघताना गाडीत मशीन, काटा आणि रिकामं सिलिंडर चढवायची जबाबदारी मुलाने स्वतःकडे घ्यावी. धोक्याचं काम असेल, उदाहरणार्थ आर-२९० भरलेल्या फ्रिजवर ब्रेझिंग (ज्योतीने पाइप सांधणं), तर मात्र स्पष्ट नाही म्हणायचं. हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणवून घ्या, नाहीतर ऐन वेळी तोंडातून फुटत नाही.

हक्कांचाही अर्धा तास ठेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ ची, भारत तिचा संस्थापक सदस्य, आणि तिचा पहिलाच करार कारखान्यातल्या कामाच्या तासांचा: दिवसाला आठ, आठवड्याला ४८. मुलगा पुढे कामगार म्हणून लागला की ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो, हे त्याला सही करण्याआधी माहीत असावं.

मूल्यमापनाला लेखी पेपर नको. प्रत्येकाने एका पानाची नोंद द्यायची: काय मोजलं, कशाने मोजलं, आधीचा आकडा, काय बदललं, नंतरचा आकडा, फरक कुणाला पडतो. शेवटच्या रकान्यात निदान एक माणूस जिल्ह्याबाहेरचा हवा. आकडा सुधारला नाही तरी कारण बरोबर शोधलं असेल तर पूर्ण गुण द्या, नाहीतर मुलं आकडे बनवतात. तो १७ ध्येयांचा तक्ता सगळ्यात शेवटी काढा आणि आपलं पान कोणत्या ध्येयाखाली चिकटवायचं ते मुलांनाच ठरवू द्या. पंपाचं पान सहाव्यात की सातव्यात, यावर भांडण होईल, ते होऊ द्या.