फोटो आपोआप लहान करून पटकन अपलोड करायचेत, काय वापरता?

सावली_टिपणारी:
जाणकारांनो, मदत हवी आहे. आमच्या भटकंती ग्रुपचे फोटो काढायचं आणि चढवायचं काम माझ्याच गळ्यात आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एकेक जेपेग साधारण ९ एमबी, आणि एका फेरीचे ३०० फोटो. माझा अपलोडचा वेग ५ एमबीपीएस. रात्री लावून झोपते आणि सकाळी बघावं तर चाळिसाव्या फोटोवर अडकून बसलेलं असतं. आत्तापर्यंत एकेक फोटो उघडून लहान करत होते, पण हात मोडायची वेळ आली. फोल्डर टाकलं की लहान प्रती तयार, असं काही आहे का? विंडोज आहे. कमांड चालेल, पण नीट समजावून सांगा.

निवांत_गडी:
मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज घ्या, फुकट आहे. त्यात इमेज रिसायझर येतं. सगळे फोटो निवडा, राइट क्लिक करा, माप द्या, झालं. मूळ फाइलला हात लागत नाही, शेजारी नव्या प्रती बनतात. अगदी ‘आपोआप’ नाही, पण दोन क्लिकच्या वर कामही नाही.

टर्मिनलकाका:
वरचा उपाय चांगलाच आहे. पण दर आठवड्याला करायचं असेल तर इमेजमॅजिक टाका, कमांड देऊन फोटो बदलणारं सॉफ्टवेअर आहे.

आधी हिशोब बघा. तुमचे ३०० फोटो म्हणजे २७०० एमबी. ५ एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), मध्ये काही तुटलं नाही तरी, सव्वा तास जाणारच. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. लांब बाजू १६०० केली की पिक्सेल चौदा पटींनी कमी होतात. फाइल ४०० केबीच्या आसपास आली, तर सगळा गठ्ठा १२० एमबी, साडेतीन मिनिटांच्या आत वर. स्क्रीनवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. छपाईला मात्र मूळच द्या.

इमेजमॅजिकमधली ‘मॉग्रिफाय’ कमांड अख्ख्या फोल्डरवर चालते. तिला क्रमाने सांगायचं: ऑटो-ओरिएंट (फोटो सरळ फिरवणं), रिसाइझ १६०० बाय १६००, क्वालिटी ८२. मापानंतर लगेच ‘>’ हे चिन्ह द्या, म्हणजे मोठेच फोटो लहान होतील, आधीच लहान असलेले ताणले जाणार नाहीत. माप आणि चिन्ह मिळून अवतरणात घाला, नाहीतर कमांड लाइन त्या चिन्हाचा अर्थ ‘आउटपुट फाइलमध्ये लिही’ असा घेते.

आणि ‘पाथ’ देऊन वेगळं फोल्डर सांगायला विसरू नका!! मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, विचारतसुद्धा नाही. मी एकदा पाथ न देता चालवली आणि एका अख्ख्या सहलीचे मूळ फोटो ८०० पिक्सेलचे करून बसलो. कार्ड आधीच फॉरमॅट केलेलं. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

हीच ओळ बॅच फाइलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहून ठेवायची फाइल) लिहून डेस्कटॉपवर ठेवा. तिच्यावर फोल्डर ओढून सोडलं की काम सुरू.

पिक्सेलपंडित:
काकांना +१. त्यात ‘स्ट्रिप’ जोडलं तर फोटोतली जीपीएसची नोंदही निघून जाते, उघड्यावर टाकणार असाल तर ते बरंच. पण स्ट्रिप रंगांचं प्रोफाइलही, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची नोंदही, उडवतं. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर असेल तर रंग मलूल दिसतील. कॅमेऱ्यातच एसआरजीबी निवडा, मिटलं.

अवांतर: फोल्डरवर पाळत ठेवून फोटो आला की लगेच लहान करणारी स्क्रिप्ट करावीशी वाटेल. मी केली होती. कार्डावरून कॉपी पुरी व्हायच्या आतच ती अर्धवट फाइल उचलायची आणि खालचा अर्धा फोटो करडा यायचा. बॅच फाइलच बरी.

सावली_टिपणारी:
काका, दंडवत! बॅच फाइल केली. एकच गडबड: उभे फोटो सगळे आडवे झोपलेत.

टर्मिनलकाका:
ऑटो-ओरिएंट राहिलं किंवा स्ट्रिपनंतर लिहिलंत. कॅमेरा उभा धरला तरी पिक्सेल आडवेच साठवतो आणि ‘फिरवून दाखवा’ एवढी नोंद एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधल्या माहितीत) ठेवतो. स्ट्रिपने ती नोंदच पुसली. आधी फिरवा, मग पुसा.

सावली_टिपणारी:
हो, उलटंच लिहिलं होतं. आता ३१२ फोटो, कणीक मळून होईपर्यंत लहान झाले आणि चढलेही चार मिनिटांत. एकाच मैत्रिणीचे आयफोनवरचे फोटो तेवढे बॅच फाइलने घेतलेच नाहीत.

निवांत_गडी:
ते एचईआयसी (आयफोन वापरतो तो फोटो फाइलचा प्रकार) असणार, तुमची बॅच फाइल फक्त जेपेग शोधतेय. तिला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा, पुढचे जेपेगमध्ये येतील.