मदत हवी आहे: यूएसबीची जोडी ग्राउंडच्या फटीवरून गेली आहे, दहा बोर्ड वाचवता येतील का?

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी हार्डवेअरचं काम करते. पंप आणि मोटरच्या बेअरिंगचं कंपन मोजणारं उपकरण बनवतोय. आठ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला ५१,२०० नमुने, ३२ बिटांचा शब्द. गुणाकार केला की सेकंदाला १३ मेगाबिटच्या वर जातं, म्हणजे यूएसबी फुल स्पीडच्या १२ मध्ये मावतच नाही. म्हणून हाय-स्पीड, ४८० मेगाबिट. बाहेरची फाय चिप (यूएसबीच्या तारांवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारी आणि घेणारी) लावली आहे, ती मायक्रोकंट्रोलरला यूएलपीआय या समांतर जोडणीने जोडली आहे. याआधीचे माझे सगळे बोर्ड दोन लेयरचे, म्हणजे तांब्याच्या दोन थरांचे, होते. चार लेयर आणि हाय-स्पीड दोन्ही पहिल्यांदाच करते आहे.

दहा बोर्ड भरून आले. टेबलावर अर्ध्या मीटरच्या केबलने दहाही चालतात. दोन मीटरची केबल लावली की चार बोर्ड मधेच सुटतात, लिनक्सच्या लॉगमध्ये एरर वजा ७१ (प्रोटोकॉलची चूक) येतो आणि पुन्हा जोडणी सुरू होते. शेजारी मोटरचा ड्राइव्ह चालू केला की उरलेल्यांपैकीही तीन-चार सुटतात. फर्मवेअरमध्ये फुल स्पीडला बांधलं की एकही सुटत नाही, पण मग डेटा बसत नाही. उत्सर्जनाची (बोर्डातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींची) प्राथमिक चाचणी करून घेतली, तर ४८०, ७२० आणि ९६० मेगाहर्ट्झला उंच शिखरं आहेत. ४८० चं तर मर्यादेच्या वरच गेलंय.

लेयर असे: वर सिग्नल, दुसरा ग्राउंड, तिसरा ३.३ व्होल्ट, खाली सिग्नल. एडीसीच्या (अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) डेटाशीटमध्ये अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड अशा वेगळ्या पिना दिसल्या, म्हणून दुसऱ्या लेयरवर ग्राउंडचे दोन तुकडे केले. मधे दीड मिलिमीटरची फट, आणि दोन्ही तुकडे फक्त पॉवर सप्लायजवळ एका फेराइट बीडने (वेगवान करंट अडवणाऱ्या छोट्या भागाने) जोडलेले. उपकरणाच्या पेटीला सगळे कनेक्टर एकाच बाजूला हवे होते, त्यामुळे यूएसबीचा कनेक्टर अ‍ॅनालॉग तुकड्यावर आला आणि यूएसबीची जोडी, म्हणजे डेटाचे दोन ट्रॅक, ती फट ओलांडून जाते. मला वाटलं होतं की एका तारेतून करंट जातो आणि दुसरीतून परत येतो, म्हणजे जोडीला ग्राउंडशी काही देणंघेणं नाही.

हे चुकलं का? आणि नवीन बोर्ड न काढता हे दहा वाचतील का? पुढच्या आठवड्यात ग्राहकाकडे दाखवायला न्यायचे आहेत.

प्रतिसाद १

आधी दोन गोष्टी सांगा. कनेक्टरजवळ ईएसडी डायोड (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) कोणता आहे, त्याची कपॅसिटन्स किती? जुन्या बोर्डांवरचा ३० पिकोफॅरडवाला तिथे बसवला असेल तर आय डायग्राम (बिट स्पष्ट ओळखू येतात का ते दाखवणारा आलेख) तिथेच मिटतो. हाय-स्पीडला एक पिकोफॅरडच्या आतला हवा. दुसरं, ट्रॅकची रुंदी आणि दोन ट्रॅकमधलं अंतर किती?

धागाकर्ती

डायोड ०.५ पिकोफॅरडचा आहे. ट्रॅक ०.३ मिमी, मधलं अंतर ०.२ मिमी, आणि वरच्या लेयरपासून ग्राउंड ०.२ मिमी खाली. कॅल्क्युलेटरने जोडीचा इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला जाणवणारा रोध) यूएसबीला लागणाऱ्या ९० ओहमच्या जवळपास दाखवला होता. दोन ट्रॅकच्या लांबीत १.८ मिमीचा फरक होता, तो नागमोडी वळणं घालून शून्य केला. आता बघते तर ती वळणं नेमकी फटीच्या वरच आली आहेत.

प्रतिसाद २

ताई, रुंदी आणि अंतर बरोबर आहे. पण तो ९० ओहम खाली ०.२ मिमीवर तांबं आहे हे धरून आलेला आकडा आहे. फटीवर ते तांबंच नाही.

जोडीला ग्राउंड लागत नाही, हा समज आपल्याकडे कॉलेजपासून घट्ट बसलेला आहे. पिळलेल्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींना चिकटून असतात, तिथे ते बऱ्यापैकी खरं ठरतं. बोर्डावर तुमचे दोन ट्रॅक एकमेकांपासून ०.२ मिमीवर असले तरी ते फक्त ३५ मायक्रॉन जाडीच्या कडांनी एकमेकांना बघतात, आणि खालच्या प्लेनला (तांब्याच्या सलग थराला) ०.३ मिमी रुंदीच्या पोटाने. त्यामुळे प्रत्येक ट्रॅकचा परतीचा करंट मुख्यतः त्याच्या खालच्या तांब्यातूनच वाहतो. किती जवळून, तेही बघा. ट्रॅकच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना प्लेनच्या अंतराच्या तिप्पट पट्टा घेतला, म्हणजे तुमच्याकडे ०.६ मिमी, तर जवळपास ८० टक्के करंट त्या पट्ट्यात असतो. दहापट, म्हणजे २ मिमी घेतला तर ९४ टक्के.

आता हा करंट फटीच्या काठाशी येतो आणि त्याला पुढे रस्ता नाही. दोन्ही ट्रॅकचे परतीचे करंट विरुद्ध दिशेचे असल्यामुळे बराचसा भाग काठावरच एकमेकांत वळतो. म्हणून तर तुमचा बोर्ड टेबलावर चालतो. पण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच नसतात. जो भाग उरतो, तो कॉमन मोड (दोन्ही ट्रॅकवर एकाच दिशेने जाणारा), त्याला थेट पॉवर सप्लायजवळच्या बीडपर्यंत वळसा घालावा लागतो. तो मोठा लूप आणि ती लांबट फट मिळून अँटेना होते, आणि यूएसबीच्या केबलचं शील्ड तुमच्या अ‍ॅनालॉग तुकड्याला जोडलेलं असल्यामुळे केबलसुद्धा त्यात सामील होते. मोटरच्या ड्राइव्हचा गोंगाट याच वाटेने उलटा आत येतो.

नागमोडी वळणांचं म्हणाल, तर त्यांची गरजच नव्हती. वरच्या लेयरवर सिग्नलला एक मिलिमीटर जायला साधारण ६ पिकोसेकंद लागतात. १.८ मिमी म्हणजे ११ पिकोसेकंद. तुमचा एक बिट २,०८३ पिकोसेकंदांचा आहे. पुढच्या बोर्डात ती वळणं काढून टाका आणि जोडी सरळ जाऊ द्या.

प्रतिसाद ३

चाचणीच्या आलेखात ३००, ३६०, ४२० मेगाहर्ट्झला काही दिसतं का? विचारायचं कारण, यूएलपीआयचं घड्याळ ६० मेगाहर्ट्झचं असतं आणि ४८०, ७२०, ९६० हे तिन्ही ६० च्याही पटीत येतात. मधली शिखरं असतील तर घड्याळाचा ट्रॅकही तपासा. फक्त २४० च्या पटीतलीच असतील तर यूएसबीचीच जोडी बोलते आहे.

धागाकर्ती

मधली शिखरं जवळजवळ नाहीतच. आणि प्रतिसाद २ मधलं वाचून पोटात गोळा आला, कारण आतला लेयर आहे. बाहेरून तिथे सोल्डर कसं लावणार?

प्रतिसाद २

आतल्या लेयरला हात लावायची गरज नाही. फटीच्या दोन्ही काठांजवळ ग्राउंडचे व्हाया (लेयर जोडणारी, आतून तांबं चढवलेली भोकं) असतीलच. जोडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, जमेल तितक्या जवळचे, सोल्डर मास्क ब्लेडने हलकेच खरवडून उघडे करा. तांब्याच्या पत्र्याच्या ४-५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा आणि फटीवरून आडव्या, काठापासून काठापर्यंत, सोल्डर करा. पातळ वायर नको, पट्टीच घ्या, तिचं इंडक्टन्स कमी असतं. जोडीच्या डोक्यावरून पट्टी नेऊ नका, इतक्या जवळ तांबं आलं तर इम्पीडन्स एकदम खाली येईल. आधी एकाच बोर्डावर करा. आणि कोॲक्स केबलच्या टोकाला १ सेंमीचं वेटोळं करून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोडा, ते फटीवरून फिरवत आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा.

प्रतिसाद ४

पण मग एडीसीचं काय? मी वीस वर्षं ग्राउंड वेगळेच ठेवत आलोय, २४ बिटांच्या एडीसीखाली डिजिटल करंट फिरू द्यायचा का?

प्रतिसाद २

दादा, तुमची काळजी रास्त आहे, पण ती फटीने सुटत नाही, मांडणीने सुटते. वेगवान करंट आपल्या ट्रॅकखालीच राहतो हे वर आलंच. मग डिजिटल ट्रॅक एडीसीच्या अ‍ॅनालॉग बाजूखालून नेलाच नाही, तर त्याचा करंट तिथे जायचं कारण उरत नाही. पिनांची नावं चिपच्या आतली जोडणी सांगतात. बाहेर दोन्ही एकाच अखंड प्लेनला जोडा असं बहुतेक डेटाशीट पुढच्याच पानांवर सांगतात. पसरतो तो ५० हर्ट्झचा आणि रिलेचा संथ करंट. त्यासाठी पॉवरचा कनेक्टर असा ठेवा की त्याची वाट सेन्सरच्या बाजूने जाणार नाही.

धागाकर्ती

काल रात्री साडेदहापर्यंत बसले होते. आधी एका बोर्डावर पट्ट्या लावल्या. वेटोळं फटीवर धरलं, ४८० ला १४ डेसिबलने खाली आलं. दोनदा पुसून पुन्हा मोजलं, तेवढंच. मग बाकी नऊ केले. दोन मीटरची केबल, शेजारी ड्राइव्ह चालू, आणि नऊ बोर्ड रात्रभर एकदाही सुटले नाहीत. एक बोर्ड तरीही सुटत होता. भिंगाखाली बघितलं तर कनेक्टरची एक पिन पॅडवर नुसती टेकलेली होती, कथील चढलंच नव्हतं. ती भरल्यावर तोही ठीक चालतोय. एडीसीचा गोंगाट पट्ट्यांआधी आणि पट्ट्यांनंतर सारखाच आहे.

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन लेआउट केलाय: ग्राउंड एकच अखंड, कनेक्टर डिजिटल कोपऱ्यात सरकवला, वळणं काढली. एकच शंका. कनेक्टरजवळ जागा कमी पडली म्हणून शेवटचे ८ मिमी जोडी व्हायाने खालच्या लेयरवर नेली आहे. उद्या संध्याकाळी गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल्स) पाठवायचे आहेत, चालेल का?

प्रतिसाद २

नका नेऊ. खालच्या लेयरला सगळ्यात जवळचं प्लेन ३.३ व्होल्टचं आहे. म्हणजे परतीच्या करंटला ग्राउंडवरून पॉवरवर उडी मारावी लागेल, आणि ती मारायला तिथे एखादा कपॅसिटरच लागेल. प्लेन अखंड करून जे मिळवलं ते या ८ मिमीत परत द्याल. ईएसडी डायोड १८० अंशांत फिरवून बघा, बहुतेक पिना सरळ रेषेत येतील आणि जोडी वरच्या लेयरवरच कनेक्टरपर्यंत पोचेल.

धागाकर्ती

डायोड फिरवला. पोचली. आता जोडीवर एकही व्हाया नाही.