मदत हवी आहे: अल्सर ज्येष्ठमधाने थांबला की अर्कातल्या अल्कोहोलने?

नमस्कार मंडळी. मी एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राहतो कळव्याला, कॉलेज नवी मुंबईत. विषय ज्येष्ठमध. आजी घसा बसला की त्याची कांडी चघळायला द्यायची, तेवढीच आमची पूर्वओळख. वाशीच्या मसाला मार्केटमधून मुळं आणली, वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडून ओळख पटवून घेतली, ८० टक्के इथेनॉलमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) अर्क काढला. हा अर्क अल्सर रोखतो का, ते बघायचं होतं.

प्रयोग नेहमीचाच. विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर रात्रभर उपाशी, आधी अर्क, मग तासाभराने तोंडावाटे १ मिली शुद्ध इथेनॉल, ज्याने जठरात अल्सर होतात. पुढच्या तासाभरानंतर जठर मोठ्या वक्रतेवरून कापायचं, सलाइनने धुवायचं, थर्माकोलवर टाचण्या लावून पसरायचं. नुसतं पाणी दिलेल्या गटात काळपट लाल पट्टे, शेजारी शेजारी, नखांनी ओरबाडल्यासारखे. अर्कवाल्या गटात जेमतेम दोन-चार ठिपके. ओमेप्राझोल (अल्सरवरचं नेहमीचं औषध) दिलेल्या गटापेक्षाही बरं! सगळे खूश.

मग परवा उरलेल्या अर्काची बाटली उघडली आणि स्पिरिटचा भपकारा आला. म्हणजे रोटरीवर (द्रावक उडवायच्या यंत्रावर) अर्क पुरता सुकलाच नव्हता. आणि संशोधक आंद्रे रॉबर्ट यांच्या गटाने १९८३ मध्येच दाखवलंय की आधी सौम्य, साधारण २० टक्के इथेनॉल दिलं, तर जठराचं अस्तर स्वतःच प्रोस्टाग्लॅंडिन (अस्तराचं रक्षण करणारं शरीरातलं द्रव्य) वाढवून पुढच्या तीव्र इथेनॉलपासून वाचतं. मग माझे ठिपके कुणाच्या खात्यात टाकू? अर्काशिवाय नुसतं द्रावक, म्हणजे तेवढंच इथेनॉल, दिलेला वेगळा गट मी ठेवलाच नव्हता. चूक माझीच. सर म्हणतात, "चालतंय, लिहून टाक." मला नाही चालत. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न हाच येणार.

माझा विचार असा: तोच अर्क वजन स्थिर होईपर्यंत सुकवून ०.५ टक्के सीएमसीमध्ये (औषध पाण्यात मिसळून द्यायला वापरतात तो दाटसर पदार्थ) द्यायचा, सोबत नुसत्या सीएमसीचा गट. शिवाय जुन्या अर्कात होतं तेवढंच इथेनॉल दिलेला एक गट. पण त्यासाठी अठरा उंदीर जास्त लागतील आणि नीतिसमितीची सुधारित परवानगी. कुणी अशी दुरुस्ती मागितली आहे का? किती आठवडे गेले? अर्जात चूक सरळ कबूल करावी ना?

दुसरं, रबाळे-महापे पट्ट्यात उरलेलं इथेनॉल जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर) मोजून देणारी एखादी लॅब माहीत आहे का, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशी? त्या आकड्याशिवाय तिसरा गट ठरवताच येणार नाही. बाटली सध्या बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली आहे.