लपणारं श्रवणयंत्र की कानामागचं?

वडिलांना कमी ऐकू येतं, त्यांना कानात पूर्ण लपणारं श्रवणयंत्र घ्यावं का, असं एकाने विचारलंय. मी तरी नको म्हणेन. त्याची १० नंबरची, पिवळ्या पट्टीची बॅटरी इतकी बारीक की म्हाताऱ्या बोटांतून निसटतेच. तीव्र बहिरेपणाला त्याची ताकदही पुरत नाही. कानामागचं दिसतं खरं, पण दणकट. रिसीव्हर, म्हणजे आवाज सोडणारा छोटा स्पीकर, कानात आणि बाकी मागे, हा मधला प्रकार. आवाज मोकळा वाटतो, रिसीव्हरला मळ मात्र बाधतो. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात कुठलंही घ्या, रात्री बॅटरी काढून यंत्र ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कानामागच्याच्या नळीत दमटपणाने थेंब साचले की आवाज गप्प होतो; यंत्रच गेलं म्हणून लोक पणजीला धावतात! आधी कानात बसणाऱ्या साच्यासकट नळी यंत्रापासून सोडवून आतलं पाणी हवेच्या पंपाने काढून बघा.