तक्ता ‘काढणे’ म्हणजे नक्की काय करणे?

रिकामा रकाना:
एका प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठीकरण करतोय. विषय डेटाबेसमधली टेबलं: बनवायची कशी, बदलायची कशी, उडवायची कशी. ‘क्रिएट टेबल’चं ‘तक्ता तयार करा’ झालं. ‘आल्टर’ला आधी ‘तक्ता बदला’ लिहिलं होतं, पण वाचणाऱ्याला वाटेल हा नेऊन दुसरा आणायचा, म्हणून ‘तक्त्याची रचना बदला’ केलं. गाडी अडली ती ‘ड्रॉप टेबल’ला, म्हणजे अख्खं टेबल उडवण्याच्या आज्ञेला. मी लिहिलं ‘तक्ता काढा’. तपासणाऱ्या बाईंचा समासात शेरा: ‘हे मागच्या धड्यात झालं ना?’ त्यांचंही चूक नाही. शाळेत ‘तक्ता काढा’ म्हटलं की आपण पट्टी-पेन्सिल घेऊन आखायलाच बसायचो. मग ‘ड्रॉप’ला काय म्हणायचं? शिवाय ‘डिलीट’ आणि ‘ट्रंकेट’ रांगेत उभे आहेतच. तिन्ही कामं वेगळी, तेव्हा क्रियापदंही तीन हवीत.

खोडरबर:
‘काढणे’ हे क्रियापद दोन्ही दगडांवर पाय ठेवून असतं. दुकान काढलं, खातं काढलं, मासिक काढलं, कर्ज काढलं: नसलेलं झालं. डाग काढला, काटा काढला, कामावरून काढलं: असलेलं गेलं. पोराने नाव काढलं तर पेढे, यादीतून नाव काढलं तर भांडण. मूळ प्राकृतातलं ‘कड्ढइ’, म्हणजे ओढतो. आतून ओढून बाहेर आणलं एवढंच ते सांगतं. बाहेर आलेलं ठेवायचं की फेकायचं, हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं.

रात्रपाळी:
तिसरा अर्थ राहिला. ‘वह्या काढा’ म्हणजे वह्या बनवा नव्हे आणि फेकाही नव्हे, उघडून समोर ठेवा. यावरून आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मुलगा नवा. वरिष्ठ फोनवर म्हणाले, ‘ऑर्डरचं टेबल बघून झालं, आता ग्राहकांचं काढ.’ त्याने शांतपणे ‘ड्रॉप टेबल’ मारलं. नशीब एवढंच की ऑर्डरच्या टेबलातली फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना, ग्राहकांच्या टेबलाला धरून होती. पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेस प्रणालीने, नकार दिला, यावर दुसरं काही अवलंबून आहे म्हणून. वर स्वतःच सुचवलं की तेही घालवायचं तर कॅस्केड लावा. मुलगा आज्ञाधारक. म्हणाला, ‘सर, निघत नाहीये. कॅस्केड लावून काढू का?’ पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग थेट दार उघडल्याचा.

आडवी ओळ:
किस्सा झकास, पण एक दुरुस्ती. कॅस्केडने ऑर्डरचं टेबल गेलं नसतं. फॉरेन कीचा निर्बंध तेवढा तुटला असता. ग्राहक मात्र गेलेच असते.

रात्रपाळी:
हे त्या वेळी सरांना सांगायला तुम्ही हवे होतात.

शुद्धलेखक:
‘टेबलं’, ‘ड्रॉप मारलं’, ‘कॅस्केड लावून’... ही कोणती भाषा? आपल्याकडे ‘सारणी’ आहे, ‘विदागार’ आहे. सरळ लिहा: ‘सारणी निष्कासित करा.’ एका अर्थाला एक शब्द. गोंधळाला जागाच नाही.

खोडरबर:
‘निष्कासित’ वाचलं की टेबलाला आधी नोटीस बजावली असावी असं वाटतं.

शुद्धलेखक:
थट्टा सोपी असते. ‘संगणक’ शब्द आला तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं? आणि ‘तक्ता’ तरी तुमचा कुठे? फारसी आहे तो.

खोडरबर:
आहेच. फारसीत ‘तख्ता’ म्हणजे फळी. गंमत अशी की ‘टेबल’च्या मुळाशी जी लॅटिन ‘टाब्युला’ आहे, तीही फळीच. फारसी फळी हाकलून इंग्रजी फळी आणली काय किंवा उलट केलं काय, सुताराचं काम तेवढंच. निराळा शब्द हवा तर ‘कोष्टक’ घ्या. तो ‘कोष्ठ’वरून आला, म्हणजे खोली. फळीकडे न बघता तो आतल्या खणांकडे बघतो. मला तोच आवडतो.

पाटीपुस्तक:
फळीच म्हणताय तर वर्गातला फळा डोळ्यांपुढे आणा, तिन्ही क्रियापदं सापडतात. ‘डिलीट’ म्हणजे फळ्यावरच्या ओळी खोडणं. कुठल्या, ते ‘व्हेअर’ने सांगायचं. सांगायला विसरलात तर सगळ्या जातात, पण फळा जागेवर. ‘ट्रंकेट’ म्हणजे डस्टर फिरवून फळा कोरा करणं. इथे ‘अमुक ओळ राहू दे’ चालत नाही, आखलेले रकाने मात्र राहतात. ‘ड्रॉप’ म्हणजे फळाच भिंतीवरून उतरवणं, रकान्यांसकट. तेव्हा खोडणे, कोरा करणे, उतरवणे.

रिकामा रकाना:
पाटीपुस्तक, हे फारच आवडलं. ‘उतरवणे’ पक्कं करू का?

रात्रपाळी:
थांबा. ‘फळ्यावरचं उतरवून घ्या’ म्हणजे वहीत नक्कल करा. डाउनलोडलाही लोक ‘उतरवणे’ म्हणतात. उद्या कोणी ‘तक्ता उतरवा’ वाचून बॅकअप झाला असं समजून घरी जाईल.

पाटीपुस्तक:
अरे देवा. ‘मोडणे’?

खोडरबर:
‘मोडीत काढणे’ म्हणा. त्यातही ‘काढणे’ आहेच, पण ‘मोडीत’ म्हटल्यावर नवा बनवायला कोणी बसणार नाही.

आडवी ओळ:
‘कोरा करणे’ला माझी हरकत. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीमध्ये ‘ट्रंकेट’ आतल्या आत टेबल पाडून तसंच नवं उभं करतं, आपोआप चढणारा क्रमांकही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पोस्टग्रेसमध्ये वेगळं सांगितल्याशिवाय तो क्रमांक मागे जात नाही. परत फिरण्याचंही तसंच. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार (एकदम पक्के करायचे बदल) चालू असेल तर ‘रोलबॅक’ करून पुसलेलं परत येतं, ओरॅकलमध्ये ‘ट्रंकेट’ला माघार नाही. एकाच फळ्याची उपमा सगळ्यांना कशी पुरेल?

पाटीपुस्तक:
उपमा शब्द शोधायला दिली होती, सर्व्हर चालवायला नाही.

शुद्धलेखक:
मुळात अशा टेबलांच्या डेटाबेसला जे ‘रिलेशनल’ म्हणतात, त्याचंच भाषांतर सगळीकडे चुकतं. ‘नातेसंबंधाधारित’ असंही वाचलंय मी. म्हणजे टेबलांची सोयरीक! ही कल्पना मांडणाऱ्या कॉडने १९७०च्या निबंधात जो ‘रिलेशन’ शब्द घेतला, तो गणितातला ‘संबंध’. दोन टेबलांमधलं नातं त्याला अभिप्रेत नव्हतं. एक अख्खं टेबल म्हणजेच एक संबंध. म्हणून ‘संबंधात्मक’.

आडवी ओळ:
इथे शुद्धलेखकांशी सहमत, तारीख नोंदवून ठेवा. पण मग पुढे चला. गणितातल्या त्या संबंधात घटकांना क्रम नसतो. म्हणून तर ‘ऑर्डर बाय’ लिहिल्याशिवाय माहिती कुठल्या क्रमाने येईल याची खात्री कोणी देत नाही. असं असताना ‘रो’ला ‘ओळ’ म्हणायचं? ओळ म्हटली की पहिली, दुसरी, शेवटची आलीच. ‘रांग’ तर त्याहून वाईट, तिच्यात घुसल्यावर भांडण होतं. ‘नोंद’ म्हणा. नोंदीला शेजारी लागत नाही.

खोडरबर:
स्वतःचं नाव ‘आडवी ओळ’ ठेवून हे बोलताय.

आडवी ओळ:
नाव घेतलं तेव्हा अक्कल नव्हती. बरं, ‘रो’चं लिंग कोणतं? आमच्यात निम्मे ‘रो डिलीट झाली’ म्हणतात, निम्मे ‘झाला’.

पाटीपुस्तक:
‘झाली’च. मनात ओळ असते. ‘कॉलम’ पुल्लिंगी, कारण मनात रकाना. ‘टेबल’ मात्र नपुंसक, मनात तक्ता असला तरी. तिथे लाकडी टेबल जिंकलं.

रात्रपाळी:
आणि ‘की’? प्रायमरी की म्हणजे नोंदीची ओळख पटवणारा रकाना. आमच्याकडे एकीने विचारलं, ‘ही प्रायमरी की फॉरेन की?’ मी म्हटलं, ‘प्रायमरी.’ तिला म्हणायचं होतं की दोन्ही आहेत ना. टेबलात खरोखर एकच कॉलम दोन्ही होता. अर्धा तास गेला.

शुद्धलेखक:
म्हणून ‘किल्ली’ वापरावं.

खोडरबर:
चला, ‘चावी’ म्हणाला नाहीत. ती पोर्तुगीज निघाली असती.

रिकामा रकाना:
मंडळी, मजकूर आज द्यायचा होता. शेवटी ‘मोडीत’ वगैरे धाडस झालं नाही, ‘तक्ता काढून टाका’ लिहून पाठवलं. बाईंचा शेरा आत्ताच आला: ‘काढून कुठे टाकायचा?’

रात्रपाळी:
त्यांचंही बरोबर. आमच्यात ‘कॉलम टाक’ म्हणजे नवा घाल.

शुद्धलेखक:
मी पुन्हा ‘निष्कासित’ म्हणणार नाही. फक्त आठवण करून देतोय.

आडवी ओळ:
ते असू दे. ‘झाली’ म्हणणारे एक झाले. ‘झाला’वाले कोणी आहेत का इथे?